वैनगंगेचे खोरे, तेथील तलाव आणि आपला कोहळी समाज

वैनगंगा मध्यप्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. भंडारा-गोंदियाच्या भूमीस सुपीक करीत ती दक्षिणेस जाते, वर्धा नदीस मिळते आणि पुढे प्राणहिता या नावाने गोदावरीत विलीन होते. बाघ, बावनथडी, चुलबंद या तिच्या उपनद्या. टेकड्यांवर साग-मोहाची दाट झाडी आणि सखल भागात धानाच्या बांध्या, असे या झाडीपट्टीचे रूप आहे.

येथे पाऊस विपुल पडतो, परंतु तो थोड्या महिन्यांत पडून जातो. हस्त नक्षत्राच्या सुमारास त्याने पाठ फिरविली, तर ऐन भरात आलेले धान डोळ्यांदेखत वाळते. ही उणीव आपल्या पूर्वजांनी ओळखली. टेकड्यांमधील खिंड हेरून तेथे मातीची पाळ घालावी, जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात वा बोडीत सोडावे आणि पाटाने धान व ऊस भिजवावा, ही त्यांची विद्या होय. नवेगावबांध, सिरेगावबांध व शिवनीबांध ही तिची थोर उदाहरणे होत.

गोंड राजाने आपल्या पूर्वजांस काशीहून आणिले, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. रसेल व हिरालाल यांच्या सन १९१६ च्या ग्रंथातही तिची नोंद आहे. आख्यायिका म्हणून ती जतन करावी, मात्र तीस इतिहास मानण्याची घाई करू नये. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांस जमिनी देऊन उत्तेजन दिले, हे मात्र निश्चित. अशा जमिनीस तुकूम म्हणत. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला, अशी परंपरा आहे. लोकांनी त्यांस कोलासूर म्हणून देवत्व दिले. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या आजही त्या जलाशयाभोवती उभ्या आहेत.

तथापि हे श्रेय केवळ आपले, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. राजाश्रय गोंडांचा होता. पाळीवर माती वाहणारे हात अनेक जातींचे होते. तलावातील मासळी, कमळकंद व शिंगाडे यांवर ढीवर बांधवांचा संसार चाले. कोणती वनस्पती राहिली म्हणजे कोणता मासा वाढतो, याचे त्यांचे ज्ञान पुस्तकी विद्येहून उणे नाही. पोवार, कुणबी, तेली, महार अशा सर्वांचीच शेते व गुरे या पाण्यावर जगली.

इंग्रजी अमदानीत मालगुजारी पद्धत आली आणि जुन्या तलावांसही ‘मालगुजारी तलाव’ हे नाव चिकटले. सन १९५० च्या कायद्यान्वये १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. मालगुजारीत रयतेवर जुलूमही होत असे. ती गेली याची खंत करण्याचे कारण नाही. खंत याची, की मालकीबरोबर आपण आपले कर्तव्यही सोडून दिले. पूर्वी उन्हाळ्यात तलावातील गाळ काढून शेतात टाकीत. ती वहिवाट मोडली. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले, काहींच्या पोटात शेती शिरली. ‘आम्ही तलाव बांधणारे’ असे संमेलनात अभिमानाने म्हणावे आणि गावच्या पाळीवरील भगदाडाकडे पाहू नये, हे आपणांस शोभत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या तलावाचे नाव, पाट, सांडवा, पाणीवाटपाची जुनी रीत व वृद्धांच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. हे वृद्ध गेले की ती माहिती कोठेही मिळणार नाही. दुसरे असे, की ग्रामपंचायत व ढीवर बांधवांच्या मच्छीमार संस्था यांच्या संमतीने उन्हाळ्यात गाळ काढण्याच्या कामी समाजातील तरुणांनी पुढे व्हावे.

पूर्वज कोठून आले, हा वाद चालत राहील. त्यांनी येथे येऊन काय केले, हे मात्र पाळीवर उभे राहिले असता कोणासही दिसते. आपल्या नातवंडांसही ते दिसावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.