सोळा लेनचा हिशेब

२०१४ साली इंटेलने कोअर आय७ ५८२०के आणि ५९३०के हे दोन प्रोसेसर एकत्रच बाजारात आणले. दोन्हींत सहा कोअर, सॉकेट एकच, वेगातही फार अंतर नाही. पण पहिल्याला पीसीआय एक्सप्रेसच्या २८ लेन होत्या, तर दुसऱ्याला ४०, आणि किंमत जवळपास दीडपट. लेन म्हणजे मार्गिका. तारांची एक जोडी जायला, एक यायला. त्या बारा जादा लेनसाठी एवढे पैसे मोजावेत का, यावर दोन-तीन ग्राफिक्स कार्डं लावणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. माझ्या मते प्रश्नच उलटा मांडला गेला. लेन किती, हे नंतर. कार्डांना एकमेकांशी किती बोलायचं आहे, हे आधी. आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काळाबरोबर पार बदलत गेलं आहे.

सुरुवात १९९८ ची. थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन वूडू२ कार्डं एका चपट्या केबलने जोडली की पडद्यावरच्या एका आड एक ओळी ती वाटून घेत. त्यासाठी उपलब्ध असलेली पीसीआय बस सेकंदाला १३३ मेगाबाइटची, तीही साउंड कार्ड, डिस्क वगैरेंसोबत सामाईक. तरीही जोडी चालली, ८०० बाय ६०० चं चित्र १०२४ बाय ७६८ वर गेलं. कारण साधं होतं: प्रत्येक कार्डाकडे टेक्स्चरची स्वतःची पूर्ण प्रत असे, त्यामुळे शेजाऱ्याकडे मागायला फारसं काही उरत नसे. पुढे एजीपी आलं आणि मदरबोर्डवर ग्राफिक्ससाठी बहुधा एकच स्लॉट राहिला. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली, आणि दोन कार्डांचा विचार काही वर्षं मागे पडला.

तो परतला २००४ मध्ये, पीसीआय एक्सप्रेससोबत. एनव्हिडियाच्या एनफोर्स४ एसएलआय चिपसेटमध्ये ग्राफिक्ससाठी एकूण सोळाच लेन होत्या. त्या काळच्या काही बोर्डांवर दोन लांब स्लॉटच्या मधोमध बोटभर लांबीचं एक छोटं कार्ड बसवलेलं असे. ते उपसून, उलट फिरवून पुन्हा दाबून बसवलं की सोळा लेन आठ-आठ अशा विभागल्या जात. म्हणजे वाटणी अक्षरशः हाताने करायची. वर्षभरातच दोन्ही कार्डांना पूर्ण सोळा लेन देणारे बोर्ड आले, पण खेळांच्या चाचण्यांत फरक दिसला तो बहुतेक वेळा काही टक्क्यांचाच. याचा हिशेब कागदावरही करता येतो. एक कार्ड सम फ्रेम काढतं, दुसरं विषम. दुसऱ्याने पहिल्याकडे पाठवायचं ते फक्त तयार चित्र. १९२० बाय १०८० चं चित्र सुमारे ८.३ मेगाबाइटचं. सेकंदाच्या ६० फ्रेममधल्या ३० दुसऱ्या कार्डाच्या धरल्या, तर २५० मेगाबाइट. पहिल्या पिढीच्या एका लेनची क्षमता नेमकी एवढीच, आणि वर कार्डांच्या माथ्यावर चित्र वाहून नेणारा वेगळा पूल होताच.

यावरून ‘लेनला काही महत्त्व नाही’ असा निष्कर्ष त्या काळी सर्रास काढला गेला, आणि आजही तो ऐकू येतो. तो मला मान्य नाही. चाचण्या खऱ्या होत्या, पण त्यांनी मोजलं ते एकाच प्रकारचं काम, आणि ते कार्डांना एकमेकांची गरज पडू नये अशाच रीतीने वाटलेलं होतं. पडदे ४के झाले तेव्हा एका चित्राचं ओझं चौपट झालं. २०१३ च्या रेडिऑन आर९ २९०एक्सवर एएमडीने तो पूलच काढून टाकला आणि सगळी वाहतूक पीसीआय एक्सप्रेसवर वळवली. त्याहून मोठा बदल खेळांच्या आतच झाला. कडा गुळगुळीत करणारी नवी तंत्रं मागच्या फ्रेममधली माहिती वापरू लागली, आणि मागची फ्रेम तर शेजारच्या कार्डात! आता प्रत्येक फ्रेमला शेजाऱ्याची वाट पाहणं आलं. लेन वाढवून वाहतूक वाढते, पण वाट पाहणं पुरतं संपत नाही. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी, म्हणजे कार्डांच्या या जोडणीसाठी, नवे ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं, यामागे मला हे कारण सर्वांत ठळक दिसतं.

उलट टोकाचा पुरावा इथेरियमच्या मायनिंगने दिला. उघड्या सांगाड्यावर ओळीने टांगलेली कार्डं, प्रत्येकाला एकच लेन, तीही यूएसबीच्या केबलमधून नेलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद होईपर्यंत अशी यंत्रं बिनतक्रार चालली, कारण कामाला लागणारा काही गिगाबाइटचा साठा कार्ड स्वतःच तयार करी आणि बाहेर पाठवायचं ते अगदी किरकोळ उत्तर.

पण आता त्याच कार्डांवर भाषेची मॉडेलं घडवली जातात. १०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल दोन कार्डांवर शिकवायचं, तर प्रत्येक टप्प्याला साधारण दोन गिगाबाइटची देवाणघेवाण होते. तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर त्याला अर्धा सेकंद लागतो, चौथ्या पिढीच्या सोळा लेनवर सेकंदाचा सोळावा हिस्सा. हा खर्च एकदाचा नाही, हजारो टप्प्यांत दर वेळी भरायचा आहे. ‘मग तयार मॉडेल नुसतं चालवायचं असेल तर?’ हा आक्षेप रास्त आहे. मॉडेलचे थर कार्डांत वाटून दिले, तर मधून जातात ते प्रत्येक शब्दाला काही किलोबाइट, आणि चार लेनही पुरतात. पण एकेक थरच फोडून दोन्हींवर चालवला, तर थराथराला थांबून एकमेकांना विचारावं लागतं.

महासंगणक बांधणाऱ्यांना ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर चिपवरच शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. त्याच संस्थेच्या २०२० मधल्या परम सिद्धी-एआयमध्ये ए१०० कार्डं आहेत. त्या प्रत्येकाची आपसातली जोडणी सेकंदाला ६०० गिगाबाइटची, तर पीसीआय एक्सप्रेसच्या सोळा लेनची दोन्ही दिशा मिळून ६४. घरगुती कार्डांपैकी आरटीएक्स ३०९० पर्यंत अशी छोटी जोडणी मिळत होती. २०२२ च्या ४०९० वर ती नाही. दोन ४०९० एकमेकांशी बोलतात ते मदरबोर्डवरच्या लेनमधूनच, आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर तेही मुख्य मेमरीतून वळसा घालून. सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ग्राफिक्ससाठीच्या लेन आजही सोळाच आहेत. दोन कार्डं लावली की आठ-आठ.