लोणावळ्याचे मत्स्यबीज आणि कावेरीचा महाशीर

लोणावळ्याचा वळवण तलाव पर्यटकांना ठाऊक असतो तो पावसाळी सहलींमुळे. टाटांनी १९१५ साली खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केले, त्यासाठी बांधलेल्या तलावांपैकी हा एक. भारतातील एका माशाच्या उद्धाराची आणि दुसऱ्याच्या ऱ्हासाची कथा याच तलावाच्या काठी सुरू होते.

पहिला मासा आपल्या घरचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका महाशीराला त्याने स्थानिक बोलीतलेच नाव दिले : खुद्री. वर्ष १८३९. साइक्सने दुसऱ्या एका माशाला ‘मुसुल्ला’ म्हटले होते. हे नाव पुढे फार घोटाळा करणार होते.

दुसरा मासा कावेरीचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर. ‘द रॉड इन इंडिया’ हे थॉमसचे पुस्तक १८७३ साली आले आणि गळाने महाशीर पकडणे हा साहेबांचा मानाचा छंद ठरला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा काढला.

स्वातंत्र्यानंतर धरणे वाढली. अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वर चढणाऱ्या महाशीराची वाट अडली, त्यात सुरुंग लावून मासे मारण्याची भर पडली. तेव्हा डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यात खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, नराच्या शुक्रद्रवात मिसळायची आणि वाहत्या पाण्यात उबवायची. मत्स्यविज्ञानाच्या इतिहासात या कामाचे मोल मोठे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. कारण पुढे जे घडले त्यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता.

इथली बोटुकली राज्याबाहेरही गेली. कावेरीतील महाशीर कमी होत आहेत, म्हणून त्या नदीत महाशीर सोडले गेले. ‘महाशीर’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या जाती दडल्या आहेत, याची फिकीर फारशी कुणी केली नाही.

परिणाम कळला तो एका अनपेक्षित दप्तरातून. गालिबोर येथील मासेमारी तळावर मासा पकडून, वजन करून, पुन्हा जिवंत सोडत आणि वहीत नोंद करत. १९९८ ते २०१२ या काळातील ६,१६१ माशांच्या या नोंदी २०१५ मध्ये संशोधकांनी अभ्यासल्या. एकूण मासे वाढत होते, मात्र सरासरी वजन घटत होते. वरवर पाहता नदी निरोगी! पण जाती वेगळ्या काढल्या तेव्हा वाढ खुद्रीची निघाली. कुबडवाला महाशीर विरळ होत चालला होता आणि सापडणारे मासे अधिकाधिक मोठे होते. इथेच खरा धोका होता. म्हातारे उरले होते, पिल्ले येत नव्हती. छंदाच्या वह्यांतून एवढा पुरावा मिळणे इतिहासाच्या अभ्यासकाला नवल वाटू नये. जमाबंदीच्या कागदांतूनही दुष्काळ असाच वाचला जातो.

वाळूउपसा, धरणे, सुरुंग हीही कारणे होतीच. परंतु परक्या खुद्रीचे आगमन संशोधकांनी मुख्य कारणांत धरले.

मग संरक्षण का मिळाले नाही? या माशाला धड नावच नव्हते. अनेक वर्षे त्याला साइक्सचा ‘मुसुल्ला’ समजले गेले. तो तर वेगळ्याच कुळीचा मासा. वैध नाव नसलेली जात धोक्याच्या जागतिक यादीत बसत नाही. अखेर २०१८ मध्ये, केरळच्या पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच, हे सिद्ध झाले आणि त्याची नोंद थेट ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. खुद्री मात्र त्याच सुमारास ‘संकटग्रस्त’ वर्गातून बाहेर पडून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात गेला.

ओळख पटवण्यासाठी नमुने मिळाले ते कावेरीच्या मुख्य पात्रात नव्हे, तर निलगिरीच्या पायथ्याच्या मोयार नदीत.