दाताची कळ आणि औषधाची मात्रा

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच्या वर्षांत जे विषय अभ्यासावे लागतात, त्यांपैकी औषधिक्रियाविज्ञान हा विषय पुष्कळांना रुक्ष वाटतो. औषधांची नावे, त्यांची प्रमाणे आणि त्यांचे बरेवाईट परिणाम यांची एक लांबलचक जंत्री पाठ करावयाची व परीक्षेत ती उतरवून काढावयाची, अशी या विषयाविषयीची सामान्य समजूत असते. परंतु या जंत्रीतील एकेक ओळ कशी लिहिली गेली हे पाहू गेल्यास तिच्यामागे माणसांनी मोजलेली फार मोठी किंमत आढळते. दात काढताना द्यावयाच्या भुलीचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय. औषध किती द्यावे, कोठे द्यावे आणि तेथे ते किती वेळ टिकवावे, हे तीन प्रश्न त्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभे राहतात.

या इतिहासाचा आरंभ एका दंतवैद्यापासूनच होतो. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी १० डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसविणारा वायू, हुंगवून लोकांची करमणूक करण्याचा एक जाहीर खेळ झाला. वायूच्या धुंदीत एका माणसाच्या पायाला चांगलीच दुखापत झाली, पण त्याला वेदना जाणवली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने ते हेरले आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढे जानेवारी १८४५ मध्ये बॉस्टनच्या वैद्यांसमोर त्याने प्रयोग करून दाखविला. वायू पुरेसा दिला गेला नाही, रोगी ओरडला आणि वेल्स उपहासाचा विषय झाला. औषध खरे होते. मात्रा उणी पडली. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्वीचा सहकारी विल्यम मॉर्टन याने त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी केला. वेल्स मात्र क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता मनाचा तोल गमावून बसला आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात वयाच्या ३३ व्या वर्षी त्याने आपले जीवन संपविले.

क्लोरोफॉर्मची कथा आपल्या अधिक जवळची आहे. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात ते प्रचारात आणले. तीन महिने लोटण्यापूर्वीच, पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी ते हुंगविलेली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची इंग्रज मुलगी दगावली. असे मृत्यू पुढेही होत राहिले. ते श्वास थांबल्याने होतात की हृदय थांबल्याने, हा वाद सोडविण्यासाठी १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन समित्या बसल्या. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे त्यांचे सूत्रधार होते. निजामाने द्रव्यसाहाय्य केले आणि दुसऱ्या समितीसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो. तेव्हा श्वासाकडे लक्ष ठेवावे म्हणजे हृदयाची चिंता नको.

हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रिनलिन रक्तात गेले, तर हृदयाचे स्नायू एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि प्राण जातो. ॲड्रिनलिन तर भयभीत माणसाच्या शरीरात आपोआपच पाझरते. दंतवैद्याच्या खुर्चीवर घाबरून बसलेला रोगी आणि त्याला हलक्या हाताने दिलेले थोडेसे क्लोरोफॉर्म, हा योग त्यामुळे विशेष घातक ठरत होता. थोडे औषध म्हणजे निर्धोक औषध, ही समजूत येथे सपशेल खोटी ठरली.

एक दाढ काढावयाची, तर सारा देह बेशुद्ध कशाला करावा, या विचाराचे उत्तर तोवर निराळ्या वाटेने सापडले होते. कोकाच्या पानांतून आल्बर्ट नीमान यांनी १८६० च्या सुमारास कोकेन वेगळे केले होते. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ साली त्याचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर करून दाखविला. त्यानंतर थोड्याच काळात न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्यातील दातांना संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूजवळ कोकेनची सुई टोचली आणि अर्धा जबडा बधिर केला. औषध कोठे द्यावे, या प्रश्नाचे हे उत्तर होते. पण हॉल्स्टेड व त्यांचे सहकारी हे प्रयोग स्वतःवरच करीत होते, आणि त्यांतच त्यांना कोकेनचे व्यसन जडले. थोर शल्यवैद्य म्हणून नाव मिळविलेल्या हॉल्स्टेड यांना व्यसनाशी जन्मभर झगडावे लागले.

कोकेनचा गुण ठेवून दोष टाळता येईल काय? म्युनिचच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन हे द्रव्य तयार केले आणि १९०५ मध्ये हाइनरिश ब्राउन यांनी त्याचा उपयोग दाखविला. नोव्होकेन हे त्याचेच व्यापारी नाव. त्याचे व्यसन जडत नसे, पण त्याचा अंमल लवकर ओसरे. त्यावरचा उपाय ब्राउन यांनी १९०३ सालीच सुचविला होता. सुईतील औषधात किंचित ॲड्रिनलिन मिसळले की त्या जागच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात वाहून न जाता तेथेच रेंगाळते आणि रक्तस्रावही कमी होतो. क्लोरोफॉर्मच्या संगतीत जे प्राणघातक ठरले, तेच येथे उपकारक झाले.

प्रोकेनचीही काहींना ॲलर्जी होई. स्वीडनमध्ये बार्लीतील ग्रामीन या द्रव्याशी संबंधित एक पदार्थ तयार करीत असता एर्टमान या रसायनज्ञांनी तो जिभेला लावून पाहिला, तो जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून नील्स लफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिडोकेन सिद्ध केले. लुंडक्विस्ट यांनी त्याच्या सुया स्वतःलाच टोचून घेतल्या. १९४८ पासून ते वापरात आले आणि आजही दंतवैद्याच्या हातातील ते नित्याचे औषध आहे.

आता विद्यार्थ्याच्या जंत्रीकडे वळून पाहा. २ टक्के लिडोकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध, १.८ मिलिलिटरच्या नळीत ३६ मिलिग्रॅम. त्यात ॲड्रिनलिन ८०,००० भागांत एक भाग, म्हणजे मिलिलिटरमध्ये अवघे साडेबारा मायक्रोग्रॅम. सुई टोचल्यावर औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहावयाचे, कारण औषध मज्जातंतूजवळ हवे, रक्तवाहिनीत नको. तेथे ते सोडियमचे कण आत शिरण्याची मज्जातंतूची सूक्ष्म द्वारे बंद करते आणि वेदनेचा संदेश वाटेतच थांबतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, म्हणून तेथे औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही आणि भूल चढत नाही. तशा वेळी नळीमागून नळी रिकामी करीत जाणारा वैद्य कारण न जाणता मात्रा वाढवीत असतो.

रोगी खुर्चीत बसतो तेव्हा त्याला वेल्स माहीत नसतो, हॅना ग्रीनरही माहीत नसते. ती माहिती असावयाची ती सुई धरणाऱ्याला. रोग्याचे वजन किती, हृदय कसे आहे, तो आणखी कोणती औषधे घेतो, हे प्रश्न विचारण्यास एकदोन मिनिटे पुरतात. ते विचारण्याची सवय लागली, तर पाठ केलेली जंत्री सार्थकी लागली असे समजावे.