नाण्याचे खेळ घरी येतात

सन १९७२ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सनीव्हेल या गावी, अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या मद्यगृहात एक लाकडी पेटी आणून ठेवण्यात आली. पेटीत एक दूरचित्रवाणी संच, दोन फिरत्या खुंट्या आणि नाणी साठविण्याचा एक डबा एवढाच सरंजाम होता. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत आणि त्यांच्यामध्ये एक चौकोनी ठिपका चेंडूसारखा ये-जा करी. या खेळाचे नाव 'पाँग'. तो रचला अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने; आणि तो ज्या अटारी कंपनीत नोकरीस होता, ती काढली होती नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांनी. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न जाऊन पाहतो तो यंत्र ठणठणीत होते. डबा तेवढा काठोकाठ भरला होता आणि नवे नाणे आत जावयास जागाच राहिली नव्हती.

या खेळांचा पुढील इतिहास समजून घ्यावयाचा तर तो नाण्यांनी भरलेला डबा दृष्टीआड होऊ देता कामा नये. बुद्धिबळ किंवा सोंगट्या यांच्यासारखा हा खेळ निवांत वेळ घालविण्यासाठी जन्माला आलेला नव्हता. एका नाण्यात खेळणाऱ्याला काही क्षणांचा आनंद मिळावा, परंतु त्याने यंत्र अडवून बसू नये, तो हरावा आणि हरल्यावर चडफडत पुन्हा खिशात हात घालावा, हे गणित त्याच्या मुळाशी होते. खेळ फार कठीण झाला तर गिऱ्हाईक निघून जाणार आणि फार सोपा झाला तर गल्ला रिकामा राहणार. या दोन टोकांमधला नेमका बिंदू ज्यांना सापडला, ते खेळ आज अर्धशतकानंतरही लोक घरी बसून पुन्हा पुन्हा खेळतात. मात्र घरी नाणे टाकावे लागत नाही. तेव्हा घरी खेळला जातो तो खेळ तोच की दुसरा, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

दूरचित्रवाणी संचावर घरच्या घरी खेळावयाचे यंत्र तसे पाहता पाँगच्याही आधीचे. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून साकार झालेले 'ओडिसी' हे यंत्र मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ सालीच विक्रीस काढले. त्यात गुण मोजण्याची सोय नव्हती, आवाजही नव्हता. मैदानाची रंगीत चित्रे छापलेले पारदर्शक कागद संचाच्या काचेवर चिकटवावे लागत. त्यावरील टेनिस बुशनेलने पाहिले होते, आणि मॅग्नाव्हॉक्सने पुढे अटारीला न्यायालयात खेचले. १९७६ मध्ये तडजोड होऊन अटारीने रीतसर परवाना घेतला. तत्पूर्वी, १९७५ मध्ये, पाँगची घरगुती आवृत्ती सीअर्स या प्रसिद्ध दुकानमालिकेमार्फत बाजारात आली होती. परंतु त्या यंत्रात पाँगवाचून दुसरे काही खेळता येत नसे. एकच यंत्र घ्यावे आणि खेळ मात्र बदलत राहावेत, ही सोय १९७७ च्या अटारी व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिमने लोकप्रिय केली. खेळ साठविलेली प्लॅस्टिकची वडी, म्हणजे कार्ट्रिज, यंत्राच्या खाचेत बसविली की खेळ सुरू होई. भारतातील मुले पुढे तिला 'कॅसेट' म्हणू लागली.

या यंत्राचे भाग्य उजळले ते एका जपानी खेळामुळे. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. अकरा-अकराच्या पाच रांगांत उभे असलेले ५५ परग्रहवासी एका चालीने सरकत खाली उतरतात आणि खालून एकटी तोफ त्यांना टिपते. शत्रू जसजसे कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. ही युक्ती कागदावर योजलेली नव्हती. त्या काळच्या प्रक्रियकाला एका क्षणी एकच आकृती हलविणे झेपत असे. आकृत्या कमी झाल्या की प्रत्येकीची पाळी लवकर येई. निशिकादो यांच्या ध्यानात हे आले, आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. यंत्राच्या दुबळेपणातून खेळाचा प्राण निर्माण झाला. जपानात या खेळापायी शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली असे सांगतात. ती आख्यायिकाच समजावी.

१९८० मध्ये रिक मॉरर याने हा खेळ अटारीच्या घरगुती यंत्रात उतरविला. नाण्याच्या यंत्रावरील खेळ परवाना घेऊन घरगुती कन्सोलवर आणण्याचे हे पहिले उदाहरण म्हणून नमूद केले जाते. ५५ शत्रू मावणे शक्य नव्हते. मॉररने सहा-सहाच्या सहा रांगा करून ३६ बसविले, आणि त्याची भरपाई म्हणून खेळाचे ११२ प्रकार दिले. केवळ या एका खेळासाठी लोकांनी यंत्रे विकत घेतली. धंद्याला गुरुकिल्ली सापडली.

येथे त्या यंत्राच्या अंतरंगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्याची चालू स्मृती अवघी १२८ बाइट्स, म्हणजे मराठीतील दोन-तीन वाक्येही जेथे दाटीवाटीने बसतील एवढी. संपूर्ण चित्र साठविण्यास जागाच नसल्यामुळे संचातील किरण पडद्यावर एकेक रेघ ओढीत असतानाच पुढच्या रेघेत काय यावयाचे ते कार्यक्रमाला ठरवावे लागे. वर हलत्या आकृत्या म्हणून मुख्यतः दोन खेळाडू आणि त्यांच्या गोळ्या यांचीच योजना केलेली होती. कारण यंत्र बनविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाँग व रणगाड्यांची लढाई असे दोघांचे खेळ होते.

आणि या यंत्रात 'पॅक-मॅन' आणावयाचा होता! नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांचा हा खेळ १९८० चा. चक्रव्यूहात ठिपके खात फिरणारा पिवळा गोल आणि त्याच्या पाठीस लागलेली चार भुते, अशा पाच हलत्या आकृत्या येथे होत्या. चार भुतांचे चार स्वभाव: एक सरळ पाठलाग करते, दुसरे पुढे जाऊन वाट अडविते, तिसऱ्याचा नेम नाही, चौथे जवळ येऊन मागे फिरते. टॉड फ्राय याने १९८२ मध्ये घरगुती आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्याने प्रत्येक चित्रचौकटीत एकच भूत दाखविण्याचा मार्ग पत्करला. परिणामी चारही भुते सतत लुकलुकत राहिली. चक्रव्यूहाच्या डाव्या-उजव्या बाजूंस असलेली भुयारे वर आणि खाली गेली. ठिपक्यांच्या जागी आडव्या चकत्या आल्या आणि मूळ संगीत बहुतेक गळाले. कार्ट्रिजे लाखांनी खपली, पण ज्या मुलांनी मूळ यंत्रावर नाणी खर्च केली होती त्यांचा विरस झाला. फ्रायला दोष देणे सोपे आहे. तथापि दोन खोल्यांच्या घरात वाडा बसविण्याचे काम ज्याच्यावर सोपविले गेले, त्याच्याकडून भिंती पाडल्या गेल्या याचे नवल करू नये. खरा दोष मागणीचा अंदाज न घेता अतोनात माल काढणाऱ्यांचा होता. १९८३ मध्ये अमेरिकेतील हा धंदा कोसळला आणि त्याच वर्षी अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलमोगोर्डो येथील कचराभूमीत पुरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथे उत्खनन करून ही कार्ट्रिजे वर काढण्यात आली. एखाद्या प्राचीन नगरीची खापरे निघावीत तसा तो सोहळा झाला!

आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' रचला. मूळ नाटकाचा सांगाडा राहिला, वेष आणि बोली पालटली. १९८० च्या दशकातील घरगुती आवृत्त्या याच जातीच्या, म्हणजे रूपांतरे होत्या. शिगेरू मियामोतो यांचा 'डाँकी काँग' हा निन्टेन्डोचा खेळ १९८१ मध्ये आला तेव्हा त्यात चार प्रवेश होते. १९८२ च्या कोलेकोव्हिजनवर आणि १९८३ च्या निन्टेन्डोच्याच फॅमिकॉमवर त्यांपैकी तीनच आले. सरकत्या पट्ट्यांच्या कारखान्याचा प्रवेश दोन्हीकडे गाळला गेला. एका पिढीने घरी हा खेळ जन्मभर खेळला आणि चौथा प्रवेश असतो हे तिच्यातील अनेकांना ठाऊकच नव्हते. एस्‌एन्‌के कंपनीने १९९० मध्ये 'निओ जिओ' काढून नाण्याच्या यंत्रातील तीच रचना घरात आणून दाखविली खरी. पण सुमारे ६५० डॉलरचे यंत्र आणि दोनशे डॉलरच्या घरातील एकेक कार्ट्रिज श्रीमंतांच्याच मुलांच्या नशिबी.

रूपांतराची वाट सोडून देणारी कल्पना मात्र निराळीच होती. खेळ नव्याने लिहावयाचाच नाही. मूळ यंत्रातील आज्ञावली जशीच्या तशी उचलावयाची आणि नव्या यंत्राने जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयाचे. बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात उभा राहतो तेव्हा घरधनी क्षणभर दचकतो. तद्वत् येथे जुनी आज्ञावली फसते. आपण १९८० सालच्याच प्रक्रियकावर चालत आहोत अशा समजुतीने ती बिनदिक्कत चालू लागते. अशा बहुरूपी कार्यक्रमास एम्युलेटर म्हणतात. डिजिटल एक्लिप्स या संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यास विल्यम्स कंपनीचे 'डिफेन्डर', 'जाउस्ट' आदी खेळ या पद्धतीने पुन्हा उभे केले. इटलीतील निकोला साल्मोरिया याने फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. आरंभी पॅक-मॅनच्या कुळातील मोजके खेळ चालविणाऱ्या या कार्यक्रमात जगभरच्या हौशी लोकांनी भर घातली आणि पुढे हजारो यंत्रांची रचना त्यात नोंदली गेली. हे काम बव्हंशी विनावेतन झाले आहे.

या पद्धतीचा विशेष असा की, तीत दोषही जसेच्या तसे उतरतात. पॅक-मॅनची पातळी मोजणारा आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. २५६ व्या पातळीस पोहोचलेल्या खेळाडूच्या पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे व आकृत्यांच्या राडारोड्याने भरून जातो आणि पुढे जाणे अशक्य होते. रूपांतरकाराने हा दोष निमूटपणे दुरुस्त केला असता. बहुरूपी तो जपतो, आणि त्याने तो जपावा हेच योग्य. ज्याचा वेग दुबळ्या प्रक्रियकाने ठरविला तो स्पेस इन्व्हेडर्स दुरुस्त करावयाचा म्हटले तर उरेल काय?

तरीही सर्वच काही घरी येत नाही. स्पेस इन्व्हेडर्सचा मूळ पडदा कृष्णधवल होता, त्यावर रंगीत पट्ट्या चिकटविलेल्या असत. काही यंत्रांत रंगविलेल्या चंद्रभूमीवर आरशाच्या साहाय्याने आकृत्या तरंगताना दिसत. १९७९ च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये किरण थेट रेषा ओढीत असे, आणि काळ्या काचेवरील गोळी विजेच्या ठिणगीसारखी तळपे. आजच्या सपाट पडद्यावर ती एक पांढरा ठिपका होते. उभ्या पडद्याचे खेळ आडव्या पडद्यावर आले की दोन्ही बाजूंस काळे पट्टे उरतात. म्हणून काही खेळाडू हातातला कन्सोलच उभा धरून खेळतात. आणि नाणे? ते आता एका बटणाचा आवाज झाले आहे. बटण दाबावे, आणखी तीन प्राण मिळवावेत, हवे तेथे खेळ थांबवून पुढे तेथूनच सुरू करावा. शेवट अनेकांना दिसतो, पण शेवटचे नाणे मुठीत धरून खेळताना हाताला जो घाम सुटे तो सुटत नाही. यास्तव जाणकार खेळाडू स्वतःवरच निर्बंध घालतात आणि एका नाण्यात जेवढे जमेल तेवढेच खरे मानतात.

भारतीय शहरांतील व्हिडिओ पार्लरांत १९९० च्या दशकात जो खेळ मुलांच्या तोंडी होता, त्याला कोणी 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' म्हणत नसे, तो 'मुस्तफा'. कॅपकॉमच्या १९९३ च्या या खेळातील मुस्तफा कैरो हे पात्र पोरांनी आपलेसे केले आणि त्याचेच नाव खेळाला पडले. खेळ मार्क शुल्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर आधारलेला, म्हणजे हक्क दोन घरचे. त्या दशकात त्याची घरगुती आवृत्ती निघाली नाही; १९९४ मध्ये सेगा सीडीसाठी त्याच नावाने जे निघाले तो वेगळाच खेळ होता. आणखी एक गोम आहे. नकला होऊ नयेत म्हणून कॅपकॉमने त्याच्या ध्वनी सांभाळणाऱ्या प्रक्रियकाला गुप्त किल्ली दिली आणि ती एका लहानशा बॅटरीच्या आधारावर ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि अस्सल यंत्र मुके, निरुपयोगी होते. बेकायदा नकलांपैकी काहींत ही बॅटरीच नव्हती. अस्सल मेले आणि नक्कल जगली, असा हा न्याय!

कंपन्यांनीही हा वारसा अगदीच वाऱ्यावर सोडला असे नाही. हॅम्स्टर या जपानी कंपनीने २०१४ पासून मूळ नाणे-यंत्रांचे खेळ एकामागून एक कन्सोलवर आणले. मूळ कार्यक्रमलेखन करणाऱ्या इकेगामी त्सुशिन्की या संस्थेशी निन्टेन्डोचा वाद १९९० मध्ये न्यायालयाबाहेर मिटला होता. तरी नाण्याच्या यंत्रावरील मूळ 'डाँकी काँग' जसाच्या तसा, स्वतंत्रपणे घरी येण्यास २०१८ साल उजाडावे लागले. तथापि अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे आढळले. ग्रंथालयांनी जतन केलेले असे खेळ अभ्यासकांना दुरून, आपापल्या घरून, पाहण्याची मुभा असावी अशी मागणी त्यानंतर करण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ती नाकारली. ज्याला त्या संग्रहातील खेळ अभ्यासावयाचा असेल त्याने ग्रंथालयाच्या इमारतीत जावे, असा त्या निर्णयाचा अर्थ आहे.