जुन्या विमानांचे नवे नियम

एखादा जुना खेळ पुन्हा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'जुना' म्हणजे नक्की कधीचा? रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या कसरतींचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला.

या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फला झाली. अमेरिकेच्या एड काझमिर्स्कीने स्वतः बेतलेलं 'ओरायन' उडवून ती जिंकली. तेव्हाच्या रेडिओत विमानात आपल्या पेटीतल्या सुरांसारख्या धातूच्या पट्ट्या असत. खालून कळ दाबली की एक स्वर जाई, त्याला जुळणारी पट्टी थरथरे आणि सुकाणू वळे. पण वळे ते पूर्णच! थोडंसं वळवायचं तर कळ टिकटिक दाबत राहायची. पुढे काही वर्षांतच दांडी जेवढी हलवावी तेवढंच सुकाणू हलणारे रेडिओ आले. १९६७ साली कॉर्सिकात जगज्जेता झालेला फिल क्राफ्ट स्वतःच असे रेडिओ बनवत असे.

मग चाकं पोटात घेणारी विमानं आली, इंजिनांची ताकद वाढली. १९८०च्या दशकात नियमही बदलले. पूर्वी परीक्षकांसमोर एक कसरत करायची, मग विमान निवांत वळवून आणायचं. आता दोन्ही टोकांच्या वळणांनाही गुण मिळू लागले. कौशल्य वाढलं, खर्चही वाढला आणि हौशी माणूस मागे पडला.

अशा मंडळींसाठी अमेरिकेत सिनिअर पॅटर्न असोसिएशन उभी राहिली. तिने रेघ ओढली १ जानेवारी १९७६ची. त्याआधीचा आराखडा असेल तरच विमान चालेल. रेडिओ मात्र आजचा चालतो.

कुणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. जुनं म्हणायचं आणि हातात नवा रेडिओ! मला तसं वाटत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा रेडिओ ऐन वेळी दगा देऊ शकतो, आणि ताबा सुटलेलं विमान कुणाच्याही डोक्यावर येऊ शकतं. अर्थात, त्या टिकटिकीचं कसब यात हरवलं, हेही खरंच.

खरी अडचण वेगळीच आहे. जिंकायची ईर्षा आली की माणूस रेघेच्या अगदी अलीकडचं, म्हणजे सगळ्यात सुधारलेलं विमान शोधणार. मग बिचाऱ्या 'ओरायन'ला कोण विचारतो? म्हणून माझ्या मते नुसती एक तारीख पुरत नाही. फार जुन्या विमानांचा वेगळा गट हवा, नाहीतर त्यांना थोडे जादा गुण तरी द्यावेत.

आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळे असेल, पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. गुण ज्याला मिळतात, मुलं तेवढंच शिकतात. मोठी माणसंही काही वेगळी नसतात. म्हणून नियम लिहिणाऱ्याने तारखेआधी एक वाक्य लिहावं: आपल्याला नेमकं काय जपायचं आहे? विमानाचा आकार, उडवण्याची जुनी रीत, की साध्या हौशी माणसाची मैदानातली जागा? तिन्ही एकदम साधत नाहीत. मला विचाराल तर मी तिसरी गोष्ट निवडेन. उडवणारा माणूसच मैदानात उरला नाही, तर जुनी विमानं भिंतीवर टांगायचीच ना!