महासंगणकातील कार्यनियोजन आणि कॅश स्मृतीवरील स्पर्धा : ‘परम’ ते ‘अर्का’ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. येथील खरिपाची पेरणी मोसमी पावसावर अवलंबून असल्याने पावसाचा अंदाज वेळेवर आणि आपल्या परिसरापुरता मिळणे ही शेतकऱ्याची निकडीची गरज आहे. असा अंदाज महासंगणकावरील प्रचंड गणितातून तयार होतो. महासंगणकाची शक्ती सामान्यतः प्रक्रियकांच्या संख्येवरून मोजली जाते. परंतु अनेक प्रक्रियक एकाच स्मृतीवर काम करू लागले की त्यांच्यात स्पर्धा निर्माण होते व वाढविलेली शक्ती वाया जाऊ लागते. या स्पर्धेचे स्वरूप आणि तीवरील उपायांची वाटचाल यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :
कॅश ही प्रक्रियकाजवळची लहान परंतु वेगवान स्मृती होय. तीत माहिती बहुधा ६४ बाइटच्या ओळींनी साठविली जाते. एका प्रक्रियकाने एखाद्या ओळीत बदल केला की इतरांजवळील तिच्या प्रती रद्द होतात व त्यांना ती ओळ पुन्हा मागवावी लागते. कोणते काम कोणत्या प्रक्रियकाने करावे हे ऑपरेटिंग सिस्टिममधील शेड्यूलर ठरवितो. त्याच्या रांगा व भाराच्या नोंदी याच स्मृतीत असतात. बाजार समितीतील प्रत्येक अडत्याने पोत्यागणिक उठून एकाच फळ्यावरील एकूण आवक सुधारायची ठरविली, तर मापे थांबतील आणि फळ्यापाशी गर्दी होईल. मोठ्या संगणकातील सामायिक नोंदीची अवस्था नेमकी अशीच होते.

स्वतंत्र स्मृतीचा कालखंड :
अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्यात ट्रान्सप्युटर या प्रकारचे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरची स्मृती स्वतंत्र असे व इतरांशी देवाणघेवाण संदेशांद्वारे होई. कामांची रांग चालविण्याची सोयही त्याच्या यंत्ररचनेतच होती. त्यामुळे येथे सामायिक फळाच नव्हता. मात्र संदेश पाठविण्याचा सर्व भार कार्यक्रम लिहिणाऱ्यावर पडत असे.

सामायिक स्मृतीकडे वाटचाल :
२००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम पद्म’ने सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रियांचा, म्हणजेच एक टेराफ्लॉपचा टप्पा ओलांडला. त्यातील आयबीएमच्या पॉवर४ चिपवर दोन गाभे एकच दुय्यम कॅश वाटून घेत. अशा रचनेत कार्यक्रम लिहिणे सुलभ झाले. परंतु शेजारी गाभ्यांची ओढाताण अटळ ठरली.

याच सुमारास लिनक्समध्येही मोठे परिवर्तन घडले. २००१ च्या २.४ आवृत्तीत सर्व प्रक्रियकांसाठी कामांची एकच रांग व तिला एकच कुलूप होते. २००३ अखेरच्या २.६ आवृत्तीत इंगो मोलनार यांच्या शेड्यूलरमुळे प्रत्येक प्रक्रियकाला स्वतंत्र रांग मिळाली. २००४ मध्ये प्रक्रियकांचे जवळचे व दूरचे असे गट मानून कामे शक्यतो जवळच्या गटातच हलविण्याची व्यवस्था झाली. काम दूर हलविल्यास कॅशमध्ये जमलेली माहिती निरुपयोगी होते, हे त्यामागील कारण होय.

तरीही काही नोंदी सामायिकच राहिल्या. २२४ तार्किक प्रक्रियकांच्या एका संगणकावर डेटाबेसची चाचणी घेताना कार्यगटाच्या एकूण भाराची एकच नोंद सर्वांना अडवीत असल्याचे आढळले. जानेवारी २०२४ मधील ६.७ आवृत्तीत यावर साधा उपाय आला. प्रत्येक प्रक्रियकाच्या रांगेने ही नोंद मिलिसेकंदाला फार तर एकदाच सुधारावी, असे ठरले. अडत्याने हिशेब आपल्या वहीत ठेवावा आणि फळ्यावर अधूनमधूनच जावे, असाच हा मार्ग आहे. एकूण आकडा क्षणभर जुना राहतो, पण काम थांबत नाही.

हवामान अंदाजाशी संबंध :
नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिले ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’ कार्यान्वित झाला. हवामानाच्या गणितात प्रत्येक प्रक्रिया बहुधा ठरावीक गाभ्याशी आधीच बांधली जाते, त्यामुळे शेड्यूलरला ती हलवावी लागत नाही. सामायिक नोंदींचा प्रश्न डेटाबेससारख्या कामांत अधिक तीव्र असतो. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

मे २०२५ मध्ये भारत पूर्वानुमान प्रणालीने अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर आहे. ढोबळमानाने पूर्वी जिल्हा ५० चौकटींत मावत असे. आता त्यासाठी २०० चौकटी लागतात. हे चौपट गणित पेरणीचा निर्णय होण्यापूर्वी पूर्ण झाले तरच त्याला अर्थ आहे.

निष्कर्ष :
‘परम ८०००’ मध्ये स्मृती मुळातच विभक्त होती. पुढे ती सामायिक झाली आणि कार्यनियोजनाने रांगा विभक्त केल्या, कामे जवळ ठेवली, सामायिक नोंदींचे लेखन कमी केले. तीन दशकांच्या या वाटचालीवरून असे दिसते की, केवळ प्रक्रियकांची संख्या वाढविल्याने वेग वाढत नाही. कोणी काय आणि किती वेळा वाटून घ्यावे, याची शिस्तही तितकीच निर्णायक असते.