पश्चिमेकडे धाडलेले रुग्ण

मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून काही काळ घर आणि काम सोडून दूर जावे, या सल्ल्याला रीतसर वैद्यकीय उपचाराचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आले, आणि तो कोणाला द्यायचा व कोणाला नाकारायचा हेही तेथील डॉक्टरांनीच ठरवले. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची शक्ती खचणे, ही संज्ञा प्रचारात आणली, आणि थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, उदासी अशा विखुरलेल्या तक्रारी तिच्याखाली एकत्र केल्या. १८८१ मधील ‘अमेरिकन नर्व्हसनेस’ या ग्रंथात त्यांनी या रोगाचे खापर वाफेची शक्ती, तारायंत्र, नियतकालिके, विज्ञान आणि स्त्रियांचा बौद्धिक व्यवहार यांवर फोडले. त्यांच्या मते हा मुख्यतः डोक्याने काम करणाऱ्यांचा रोग असल्यामुळे तो जडण्यात थोडी प्रतिष्ठाही होती.

उपचाराची घडी बसवली ती फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल यांनी. ज्या शहरात आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली, त्याच शहरात त्या काळी मिचेल हे मज्जाविकारांचे सर्वांत नामांकित चिकित्सक होते, आणि यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांचा या क्षेत्रातील अधिकार सिद्ध झाला होता. स्त्रियांसाठी त्यांनी ‘विश्रांती-उपचार’ सांगितला, ज्यात रुग्णेला आप्तेष्टांपासून तोडून सहा ते आठ आठवडे अंथरुणात ठेवत, दूध व पौष्टिक अन्न भरपूर देत, अंग रगडत, विजेचे सौम्य झटके देत आणि वाचन-लेखन बंद करत. पुरुषांना मात्र ते उघड्यावर पाठवत. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात त्यांनी तंबूत राहून करायच्या उपचाराची शिफारस केली आहे. पुढच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या प्रकाराला ‘पश्चिम-उपचार’ असे नाव दिले. घोड्यावर मांड टाकणे, शिकार करणे, गुराख्यांबरोबर राहणे आणि मनाला येईल ते लिहून ठेवणे, एवढीच त्याची औषधयोजना होती.

बँकेतील नोकरीत प्रकृती खालावलेला ओवेन विस्टर हा तरुण मिचेल यांच्या सल्ल्याने १८८५ च्या उन्हाळ्यात वायोमिंगला गेला, तेथे त्याने रोजनिशी ठेवली, आणि त्याच अनुभवांतून १९०२ मध्ये ‘द व्हर्जिनियन’ ही गुराख्यांच्या जीवनावरची गाजलेली कादंबरी निर्माण झाली. चित्रकार टॉमस ईकिन्स यांना १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले, आणि त्या मानहानीने खचल्यावर १८८७ मध्ये ते डकोटाच्या माळरानावर जाऊन राहिले. हा उपचार शक्य झाला तो रेल्वेमुळे, आणि गंमत अशी की मज्जातंतू झिजवणाऱ्या कारणांत बिअर्ड यांनी जी वाफ गणली होती, तीच वाफ रोग्यांना औषधाकडे वाहून नेत होती. डकोटातून जाणारा नॉर्दर्न पॅसिफिक हा लोहमार्ग १८८३ मध्ये पूर्ण झाला. मन निवण्यासाठी जी भूमी मोकळी वाटत होती ती मोकळी करण्यात आली होती, ही गोष्ट मात्र या रुग्णांच्या लेखनात फारशी उमटत नाही. गव्यांचे कळप याच दशकात जवळजवळ नामशेष झाले आणि तेथले मूळ रहिवासी असलेले लाकोटा लोक राखीव प्रदेशांत कोंडले गेले.

हवापालटाला आलेल्या अशा पाहुण्यांकडून राहण्या-जेवण्याचे पैसे घ्यावेत, हे डकोटातील ईटन बंधूंना लवकरच सुचले, आणि त्यातून हौशी पाहुण्यांसाठी चालवलेल्या गुरांच्या वाड्यांचा, म्हणजे ‘ड्यूड रँच’चा, धंदा उभा राहिला. अशा वाड्यांच्या मालकांची संघटना १९२६ मध्ये स्थापन झाली, तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज उरली नव्हती.

पुरुषांना माळरान आणि स्त्रियांना अंथरूण या विभागणीतला अन्याय सर्वांत स्पष्ट दिसतो तो लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या आयुष्यात. मुलीच्या जन्मानंतर त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले, तेव्हा १८८५-८६ च्या हिवाळ्यात त्या कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाला मैत्रिणीकडे गेल्या. तेथे त्या चांगल्या झाल्या, आणि घरी परतताच पुन्हा आजारी पडल्या. एवढा बोलका पुरावा हाती असताना मिचेल यांनी १८८७ मध्ये त्यांना अंथरुणाला खिळवले, आणि घरी पाठवताना शक्य तितके गृहस्थी जीवन जगावे व लेखणीला कधी हात लावू नये असे बजावले. काही महिने हे पथ्य पाळून त्या वेडाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या, तेव्हा त्यांनी पथ्य मोडले, पतीपासून वेगळ्या झाल्या आणि १८८८ मध्ये मुलीला घेऊन पुन्हा पॅसाडेना गाठले. याच अनुभवावर बेतलेली ‘द यलो वॉलपेपर’ ही त्यांची कथा १८९२ मध्ये छापून आली. परंतु रोगाचे निदान त्यांनी अधिक नेमकेपणाने केले ते १८९८ च्या ‘विमेन अँड इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात, जेथे त्यांनी मज्जातंतूंऐवजी स्त्रीच्या आर्थिक परावलंबनाकडे बोट दाखवले.